आईचं रात्रीचं जेवण : अर्धा कप चहा आणि चार खारी

रानजाई | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दिवाळीला चिपळूणला गेले होते. भाऊबीजेला आई मामाला ओवाळत होती. हात वर केला तशा बांगड्या घसरत घसरत पार कोपरापर्यंत गेल्या. मामाचं लक्ष नव्हतं, माझं गेलं.

आई ७६ वर्षांची. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून एकटी राहते. सकाळी भांडी-केरवाऱ्याला बाई येतात, स्वयंपाक स्वतःच करते. २०२१ च्या पुरात खालचं घर छतापर्यंत भरलं होतं. तेव्हा बाबांनी स्वयंपाकघर वर हलवलं ते आजतागायत वरच. सतरा पायऱ्या. यंदा बघितलं तर दर चार-पाच पायऱ्यांना कठडा धरून थांबते. खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर, "आई गं", मग उठणं.

मी रोज रात्री साडेआठला फोन करते. "जेवलीस का?" "हो, झालं माझं." चार वर्षं हाच संवाद. *काय* जेवलीस हे एकदाही विचारलं नाही. आम्ही गेलो की ती सगळं साग्रसंगीत करते, त्यामुळे कळायला वावच नव्हता. शेवटच्या रात्री आम्ही मामाकडून उशिरा आलो, तर आईसाहेब पाटावर बसून अर्धा कप चहात खारी बुडवून खात होत्या. चार खारी. "हे काय?" तर म्हणे, "रोजचंच आहे. एकटीसाठी कुठे मांडामांड करायची? आणि या वयात रात्री हलकंच बरं."

कपाटात जुना केसपेपर सापडला. गेल्या वर्षी मार्चमध्ये वजन ५२ किलो. आता ४६.

ठाण्याला परत आल्यावर तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. तीन चहांतलं दूध धरून प्रथिनं साधारण ५ ग्रॅम, मूठभर पोह्यांची ४, एक पोळी ३, पळीवाढं पातळ वरण ३, भात अडीच, भाजी १, ताक दीड, खारी अडीच. बेरीज साडेबावीस. किती हवीत ते नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं, पण साडेबावीस कुठेच दिसत नाही.

आई शाकाहारी आहे. बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ठाण्याला यायला तयार नाही आणि त्यावर मला इथे चर्चा नको आहे, ती घरात पुरेशी झाली. तुमच्या घरी काय करता ते सांगा. पावडरींच्या जाहिराती कृपया नकोत.

---

चकली_कडक | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

बांगड्यांचं वाचून पोटात गलबललं. आमच्याकडे बाबांची पँट. दर दिवाळीला पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडायचे आणि आम्ही "बाबा फिट झाले" म्हणून कौतुक करायचो.

---

बाभूळ | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

एकदा खाई तो योगी, दोनदा खाई तो भोगी, तीनदा खाई तो रोगी. आपले पूर्वज म्हातारपणी एकभुक्त राहत आणि ठणठणीत असत. काकू बरोबर करतायत. हे ग्रॅमचं खूळ पाश्चात्त्यांचं.

---

खारीबटर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अवांतर : खारीची बदनामी थांबवा. चिपळूणची खारी जोवर खाल्ली नाही तोवर... बरं, गप्प बसतो.

---

स्टेथो | ४ नोव्हेंबर, दुपारी २:५०

मी फिजिशियन आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, निम्मे पेशंट साठीच्या पुढचे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ खारीची नाही, ५२ वरून ४६ ही आहे. प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, तर "वय झालं" म्हणून सोडायचं नाही. थायरॉइड, साखर, टीबी, पोटाचे आजार, कॅन्सर आणि उदासपणा (हा तर फारच सुटतो) हे सगळं डॉक्टरांनी एकदा तपासायला हवं. खाणं सुधारणं त्याच्या जोडीने, त्याऐवजी नाही.

प्रथिनांबद्दल. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम आहे. वयस्कर माणसांवर काम करणारे तज्ज्ञगट मात्र १ ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढाच परिणाम मिळवायला प्रत्येक जेवणात जास्त प्रथिनं लागतात. आईंसाठी ४६ ते ५५ ग्रॅम. आज निम्मी मिळतायत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आधी.

बाभूळ, जुन्या काळात सत्तरी गाठणारे थोडे होते आणि जे होते ते कुळीथ भरडत होते, खारी बुडवत नव्हते.

घरी करण्यासारख्या दोन चाचण्या. पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे टेप लावा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांत बायकांची ३३ सेंमीच्या खाली आणि पुरुषांची ३४ च्या खाली असेल तर स्नायू घटल्याची शंका घेतात. दुसरी, भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे. शेजारी माणूस उभं राहिल्याशिवाय करू नका.

आणि बीपीची गोळी कोणती आहे? त्यात "पाण्याची गोळी" (लघवी वाढवणारी) मिसळलेली आहे का बघा. कमी खाणारी, मीठ तोडलेली, वर ही गोळी घेणारी बाई म्हणजे सोडियम कमी होण्याचं ठरलेलं समीकरण.

---

रानजाई | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

धन्यवाद डॉक्टर. गोळीच्या नावापुढे "एच" आहे. आणि बीपी निघाल्यापासून आईने वरणभाजीत मीठच जवळजवळ बंद केलंय, अभिमानाने सांगते.

---

स्टेथो | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

"एच" म्हणजे बहुधा तीच. गोळी आपली आपण बंद करू नका, सोडियम-पोटॅशियम तपासून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि "लो सोडियम" मिठाची पिशवी आणाल तर थांबा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. आरोग्यदायी म्हणून मुलं कौतुकाने पाठवतात ते मीठ.

---

मेतकूट_भात | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

माझ्या सासूबाई ८१. मी आहारतज्ज्ञ नाही, पण सहा वर्षं हेच करतेय.

"एकटीसाठी मांडामांड" हा खरा मुद्दा आहे गं. पूर्ण जेवण करा म्हटलं की होत नाही. एका भांड्यात होणारं, गॅसजवळ दहा मिनिटंही उभं राहावं न लागणारं काहीतरी हवं. आणि तुझी आई चिपळूणची म्हणजे तिला मी काय सांगणार! डांगर विसरली का ती? उडदाच्या भाजक्या पिठाचे दोन मोठे चमचे, वाटीभर दही, चिरलेला कांदा, असेल तर मिरचीची फोडणी. गॅससुद्धा पेटवायला नको. प्रथिनं नऊ-दहा ग्रॅम तरी होतात. दुसरं कुळथाचं पिठलं आणि गुरगुट्या भात. तिसरं मुगाची धिरडी, पीठ सकाळी वाटून ठेवायचं. मऊ भातावर मेतकूट आणि तूप आहेच. मेतकूट चिमूटभर नाही, चमचाभर.

वरण पातळ करण्याची सवय मोडायला मला वर्ष लागलं. एका वाटीला मुठीपेक्षा जास्त डाळ हवी. सासूबाई म्हणायच्या, हे वरण आहे की पुरण?

चहाच्या वेळा बदलल्या. जेवणाला लागून चहा घेतला तर पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही, तासभर अंतर ठेवतो. जेवणात लिंबू मात्र रोज. दाण्याचं कूट हात न आखडता घालते. वीस ग्रॅम कुटात पाच ग्रॅम प्रथिनं.

---

सातासमुद्रापार | ५ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

न्यू जर्सीहून वाचतोय. आई डोंबिवलीत. आम्ही स्वयंपाकघरात कॅमेरा लावला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला दिसला. संदेश पोचला.

---

चकली_कडक | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

😂 काकू जिंदाबाद.

बाबांचं लिहायचं राहिलं. नाशिकला असतात, ७९, मधुमेह, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. गेल्या आषाढीला सकाळी नेहमीची साखरेची गोळी घेतली आणि खाल्लं काय, तर अकरा वाजता चार चमचे साबुदाण्याची खिचडी. दुपारी घामाघूम होऊन असंबद्ध बोलायला लागले. शेजारच्या मुलाने मशीनवर बघितलं तर साखर ५२. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग माणसात आले. आता उपासाच्या दिवसाची गोळी डॉक्टरांनी वेगळी लिहून दिली आहे आणि साबुदाण्याच्या जागी राजगिरा, दाण्याची आमटी, दूध. एकादशी सोडा असं आम्ही म्हटलंच नाही, म्हटलं असतं तर बोलणंच बंद झालं असतं.

---

वानप्रस्थी | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

वय वर्षे ७७. इथले बहुतेक लोक आमच्याबद्दल बोलत आहेत, म्हणून आमच्यातल्या एकाने बोलावे असे वाटले.

रानजाई, तुम्ही ग्रॅम मोजलेत, केसपेपर शोधलात, उत्तम केलेत. पण खारीच का, हे आईला विचारलेत का? भूक नाही तर नुसता चहा घेतला असता. बिस्किट का नाही? फरसाण का नाही? खारी चहात बुडवली की चावावी लागत नाही. घशाखाली आपोआप उतरते. मी स्वतः आठ महिने पावबटर असेच खाल्ले आहे, घरात कुणाला कळू न देता. कवळी बघा.

माणूस वाळला की हिरड्याही वाळतात, कवळी ढिली होते, खाली टोचते. मग चपाती नको, काकडी नको, दाणे नकोत. बोलून दाखवायला लाज वाटते, कारण बोललो की "चला दवाखान्यात" सुरू होते आणि खर्चाची यादी.

दुसरे. रात्री पाणी आणि पातळ पदार्थ आम्ही टाळतो. तीनदा उठावे लागते म्हणून. अंधारात बाथरूमपर्यंतचा रस्ता ही आमच्या वयाची घाटातली वाट आहे. मी आता पाण्याचा कोटा संध्याकाळी सहापर्यंत संपवतो. तहान लागत नाही, घड्याळ बघून पितो. उठल्यावर पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसतो, मगच उभा राहतो.

तिसरे. बायको गेल्यावर पहिले सहा महिने मी काय खाल्ले हे मला आठवत नाही. चव कमी होते हे खरेच, पण समोर कुणी नसले की उरलेलीही जाते. आता आमच्या विरंगुळा केंद्रात आठवड्यातून दोनदा आपापला डबा आणून एकत्र जेवतो. त्या दोन दिवशी मी पोळी जास्त खातो, हे मला दुसऱ्याने सांगितले.

---

रानजाई | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

काका, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. आत्ताच फोन करते.

---

रानजाई | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

विचारलं. आधी "छे, काहीतरीच", मग "खालची जरा हलते", मग पाच मिनिटांनी सगळं बाहेर आलं. खालची कवळी दीड वर्ष डबीत आहे. आम्ही गेलो की घालते आणि व्हिडिओ कॉल असला की घालते. म्हणूनच कॉलच्या आधी मला नेहमी "थांब, दोन मिनिटांनी कर" म्हणायची. मला वाटायचं केस विंचरत असेल.

दिवाळीचे चार दिवस तिने ती घालून आमच्याबरोबर चकल्या खाल्ल्या आणि हिरडीला जखम झाली. तीच जखम घेऊन मामाला ओवाळत होती.

---

मेतकूट_भात | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४१

अगं बाई.

---

स्टेथो | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५५

वानप्रस्थी, वजन घटलेल्या पेशंटला मी आजपासून "तोंड उघडा" म्हणणार. खरं सांगतो, दहा मिनिटांच्या ओपीडीत नाडी-बीपी-रिपोर्ट बघतो, कवळी काढून हिरड्या बघायचं राहून जातं.

रानजाई, नवीन कवळी लगेच करावी लागेलच असं नाही. जुनी शाबूत असेल तर आतून नवा थर देऊन हिरडीला घट्ट बसवता येते, त्याला रिलाइन म्हणतात. आधी जखम भरू द्या, तोवर कवळी घालू नका. रोज रात्री काढून पाण्यात ठेवायची. आणि हिरडीवरचा फोड पंधरा दिवसांत भरला नाही तर दाखवायचाच.

---

पोस्टमन_गल्ली | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

ड जीवनसत्त्वाबद्दल एक धोक्याची सूचना. आत्याला ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिली होती. बरं वाटलं म्हणून तिने पुढे चालूच ठेवली, नंतर तर एकाडएक दिवस. मेडिकलवाला देतोच. सातव्या महिन्यात उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, आठ दिवस ॲडमिट. आमच्या घरात आता प्रत्येक गोळीच्या पाकिटावर मार्करने "कधीपर्यंत" लिहिलेलं असतं.

---

बाभूळ | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

म्हणूनच म्हणतो, गोळ्या नकोत. पण कवळीचं पटलं. आमच्या मातोश्रीही भाकरी दुधात कुस्करून खातात. विचारतो आज.

---

खारीबटर | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

बाभूळना काहीतरी पटलं! धागा वर राहू दे.

---

रानजाई | २२ नोव्हेंबर, रात्री ११:००

चार दिवस रजा काढून चिपळूणला होते.

रक्ताचे रिपोर्ट : सोडियम १२९ (१३५ च्या पुढे हवं), बी-१२ कमी, हिमोग्लोबिन ९.८. थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी ठीक. डॉक्टरांनी "एच"वाली गोळी बदलली, मीठ नेहमीसारखं खा म्हणाले, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. जिने चढताना ती थांबत होती, मध्येमध्ये विसरत होती, ते सगळं वयाचं नव्हतं. भाऊ म्हणाला, "आपण तिला विसरभोळी म्हणून हसायचो." मी काही बोलले नाही.

पोटरी २९ सेंमी. खुर्चीची परीक्षा दोनदाच झाली, तिसऱ्यांदा हात टेकले. मीच थांबवलं.

दंतवैद्यांनी कवळी बघून विचारलं, "किती वर्षांची?" आई म्हणाली, "नवीच आहे." नऊ वर्षांची निघाली. जखम भरली की रिलाइन करणार आहेत.

स्वयंपाकघरात मी फक्त तीन गोष्टी केल्या. रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणले (कुळथाचं पीठ स्टुलावर चढून काढावं लागत होतं, म्हणून ते निघतच नव्हतं). ओट्याशी पाठ असलेलं उंच स्टूल ठेवलं. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावला आणि दारातलं घसरणारं पायपुसणं फेकलं. पायपुसण्यावरून भांडण झालं, ते बाबांच्या जुन्या लुंगीचं होतं. मग ते धुऊन कपाटात ठेवलं.

रात्रीच्या जेवणाचं तिनेच ठरवलं. सोमवार-गुरुवार पिठलंभात, मंगळवार-शुक्रवार डांगर आणि मऊ भात, बुधवार-शनिवार धिरडं. रविवारी खारी. त्यावर तडजोड नाही म्हणाली. खारीबरोबर कपभर दूध घेईन, एवढं कबूल झालं.

---

खारीबटर | २२ नोव्हेंबर, रात्री ११:०४

🙏 न्याय झाला.

---

स्टेथो | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

चांगलं काम. एक भर. नुसत्या प्रथिनांनी स्नायू येत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. चालणं चांगलंच, पण मांड्यांना पुरत नाही. दिवसातून तीन वेळा, दर वेळी पाच-सहादा खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन. आणि ओट्याला धरून टाचा वर-खाली. सोडियम जाग्यावर आल्यावरच सुरू करा, चक्कर येत असेल तर नाही. बी-१२ बद्दल बाकीच्यांसाठी : शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी असेल तर वर्षातून एकदा तपासून घ्या.

---

मेतकूट_भात | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

आमच्याकडे टाचांचा व्यायाम दूध तापवताना होतो. दूध वर येईपर्यंत टाचा वर-खाली. सासूबाईंचं दूध उतू जाणं बंद झालं हा जोडफायदा.

---

चकली_कडक | २३ नोव्हेंबर, दुपारी १:००

कुणाकडे ७० च्या वरचं माणूस असेल आणि आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. आणि एकट्या राहणाऱ्यांच्या फोनमध्ये १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर ठेवा. बाबांनी तो "मुलगा धाकटा" या नावाने ठेवलाय. धाकटा मुलगा मी आहे.

---

वानप्रस्थी | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

अभिनंदन. आईंना सांगा, एक अनोळखी म्हातारा त्यांच्या रविवारच्या खारीच्या बाजूने आहे.

एक विनंती. मी देशावरचा, कुळीथ हा आमच्याकडे बैलांचा खुराक. पण पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून एसटीचा प्रवास फुकट असल्याने मागच्या आठवड्यात मुद्दाम कोकणात मित्राकडे गेलो आणि त्याच्याकडून किलोभर पीठ घेऊन आलो. आता ते माझ्याकडे बघत आहे आणि मी त्याच्याकडे. कृती द्याल का? मला फोडणी आणि भात एवढेच येते.

---

रानजाई | २४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

काका, आईला फोनवर विचारून जशीच्या तशी लिहिते. "तेल तापलं की मोहरी, हिंग, चार लसूण ठेचून, एक हिरवी मिरची, हळद. त्यात दोन भांडी पाणी. दोन आमसुलं, मीठ ('मीठ घालायचं हो, डॉक्टर म्हणालेत'). उकळी आली की तीन चमचे पीठ वैरायचं, ढवळत राहायचं, पाच मिनिटं रटरटू द्यायचं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. भात मऊ हवा. तूप कंजूषपणाने घालू नये."

---

वानप्रस्थी | २६ नोव्हेंबर, रात्री ८:२०

केले. चव फार छान. पण गुठळ्या झाल्या, लाडूएवढ्या. दोन चावून खाल्ल्या, माझी कवळी आता घट्ट आहे.

---

रानजाई | २५ जानेवारी, रात्री १०:१५

काका, तुमच्या गुठळ्यांचा निरोप आईला द्यायचा राहून गेला होता. आज देते उत्तर, पण आधी बातमी.

वजन ४८.२. सोडियम १३७. हिमोग्लोबिन १०.९. कवळी बसली, पहिले दहा दिवस "तोंडात चप्पल घातल्यासारखं वाटतं" अशी तक्रार होती, आता शेंगदाणे खाते. पोटरी अजून २९च, डॉक्टर म्हणाले घाई करू नका. खुर्चीची परीक्षा पाचही वेळा हात बांधून, १७ सेकंद. मामा घड्याळ घेऊन उभा होता आणि १६ सांगत होता.

बुधवारी शेजारच्या काकू धिरड्याला येतात, शुक्रवारी ही त्यांच्याकडे डांगर घेऊन जाते. हे मी सुचवलं नव्हतं. इथला काकांचा डब्याचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, एवढंच.

साडेआठचा फोन चालू आहे. आता मी "काय जेवलीस?" विचारते आणि ती "तू काय जेवलीस?" विचारते. परवा मी ऑफिसातून उशिरा आले होते, चहा आणि टोस्ट खाल्ला होता. खोटं बोलले.

आणि गुठळ्यांबद्दल आई म्हणते, पुरुषमाणसांनी वैरण्याच्या भानगडीत पडू नये. पीठ आधी गार पाण्यात पातळ कालवून घ्यायचं आणि मग उकळत्या फोडणीत धार धरून सोडायचं. दुसऱ्या हाताने ढवळणं सोडायचं नाही.